कुंभाराच्या परसातला गुलाब

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

एका नगरात एक कुंभार राहत होता. हाताचा सच्चा, पण स्वभावानं भारी संशयी. प्रत्येक मडकं तीनतीनदा टिचकी मारून बघायचा. खणखणीत आवाज आला तरी पुन्हा एक टिचकी मारायचाच. मडक्यांचं ठीक आहे हो, ती सोसतात टिचक्या. पण जडलेली सवय मडक्यांपुरती कुठली थांबायला?

त्याची बायको तापानं गेली. मागे पाच वर्षांची लेक राहिली, ठकू. दोन वर्षं त्यानं एकट्यानं रेटली आणि मग सगुणा नावाच्या बाईशी लग्न केलं. लग्न केलं खरं, पण त्याच दिवसापासून जिवाला घोर लागला. ही सावत्र आई माझ्या पोरीला आपलं म्हणेल का?

मग काय, बाजारातून आला की पोरीला कोपऱ्यात घेऊन विचारायचा, "ठकू, आज तिनं काय वाढलं? रागावली का? खरं सांग हं."

पोर आधी म्हणायची, "नाही, बाबा." पण रोज रोज विचारलं की पोरही शोधायला लागते. "आज तिनं वेणी घट्ट घातली." "आज हाक मारली तर उशिरा आली." सगुणा चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. पोरीला जवळ घ्यायला पुढे केलेला हात मागे घ्यायची. उद्या त्याचाही काही अर्थ निघायचा!

सगुणाचं माहेर राजाच्या बागेला लागून होतं. माळ्यांचं बघून बघून ती गुलाबाचं कलम करायला शिकली होती. एकदा माहेराहून येताना तिनं लाल गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. काडीवर तीन डोळे होते, म्हणजे कोंब फुटायच्या तीन जागा. परसात कुंपणाशी रानगुलाब माजला होता. तिनं त्याच्या तीन फांद्यांची साल चिरली, प्रत्येकीत सालीसकट कापलेला एकेक डोळा बसवला आणि वरून केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या पट्टीनं, घट्ट बांधलं.

"पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिसऱ्याच दिवशी कुंभारानं पहिलं सोपट सोडलं. डोळा हिरवा होता. खूश होऊन त्यानं पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. चार दिवसांत डोळा काळा पडला. मग भीतीपोटी त्यानं दुसरा उघडला, रोज उघडला. तोही गेला.

तिसऱ्याच्या गाठीला हात घालणार, तेवढ्यात सगुणा मागून आली.

"अहो, थांबा! भट्टी पेटल्यावर मधेच राख सारून मडकी बघता का तुम्ही?"

"वेडी आहेस का? वारा लागला तर सगळी तडकतील. मी तिकडं कुणाला फिरकूसुद्धा देत नाही."

"मग इथंही तसंच आहे. ही साल त्या सालीला धरू बघतेय. तुम्ही सोडून बघता आणि धरलेलं सुटतं." तिचा आवाज कापायला लागला. "पोरीला रोज विचारता ना, तेव्हाही तेच होतं. मला तिची आई व्हायचंय हो! पण तुम्ही आम्हाला चार दिवस सुखानं एकमेकींजवळ राहू तर द्या."

कुंभाराचा चेहरा खर्रकन उतरला. पोरीच्या भल्यासाठी म्हणून आपण काय करत होतो, ते त्याला एकदम कळलं. आणि कळलं तेव्हा फार लाज वाटली.

त्यानं गाठीकडे नेलेला हात मागे घेतला. त्या संध्याकाळी प्रश्न अगदी ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला आणि विचारलं, "ठकू, आज काय खेळलीस?" पोर पहिल्यांदाच खुलून बोलत बसली.

पंधरा दिवस गेले. सगुणानं सोपट सोडलं, तर डोळा टवटवीत होता. पुढे त्याला तांबूस कोंब फुटला.

आणि एका सकाळी घरात मोठा कालवा झाला.

"मी नाही घालणार हा परकर! तू सारखा हाच काढतेस!" ठकू किंचाळली.

"नाही घालायचा तर बस तशीच!" सगुणाही कडाडली.

चाक सोडून कुंभार चिखलाच्या हातांनीच दारापर्यंत धावला. आत शिरणार होता. पण उंबऱ्यापाशी थांबला, मोठ्या कष्टानं मागे फिरला आणि चाकावर येऊन बसला.

थोड्या वेळानं घर शांत झालं. मग आतून ठकूचा आवाज आला, "आई, भाकरी दे. आणि गूळ जास्त घाल हं, कालच्यासारखा एवढुस्सा नको!"

कुंभारानं डोळे पुसले, तर गालभर चिखल माखला. पण त्याचं त्याला भानच नव्हतं.

बोध: नवी नाती सारखी उकलून बघितली की सुकतात, विश्वासानं झाकून ठेवली की जीव धरतात.