गाडीवानाची दुसरी दोरी

फार मागची गोष्ट. डोंगराअलीकडचा गूळ तेव्हा बैलगाड्यांतून बंदरावर जायचा, आणि घाट उतरताना पेंगलेले गाडीवान बैलांसकट दरीत जायचे. दर हंगामाला दोन-चार तरी. शेवटी राजानं कायदा केला. वाटेवर दोन-दोन कोसांवर चौकी बसवली आणि प्रत्येक गाडीच्या जुवाला एक दोरी बांधायला लावली. चौकी आली की पहारेकऱ्यानं दोरीला एक गाठ मारायची. चार गाठी झाल्या की जू उतरवायचं. बैलांनी निवांत रवंथ करायचं, माणसानं झोपायचं, आणि सकाळी त्याच चौकीनं गाठी सोडून द्यायच्या. इतकं सोपं, की लहानांनाही कळावं. पळवाटा दिसतात त्या मोठ्यांनाच.

घाटमाथ्याच्या चौकीवर एक म्हातारी होती. तिथल्या वाऱ्यात दुसरं कुणी टिकेना, म्हणून चौकी तिच्याकडं आलेली. बाई भारी संशयी. वाटसरूनं प्रेमानं ताक दिलं तरी आधी मांजरीला पाजून बघायची. त्या हंगामात तिनं तीन गाड्या अडवून ठेवल्या, आणि तिन्ही गाडीवान सच्चे निघाले. तेव्हा चौक्यांचा नाईक स्वतः घाटमाथ्यावर आला.

"म्हातारे, चौथी गाडी उगाच अडवलीस तर चौकी सोडायची."

"सोडीन. पण उगाच अडवली तर."

चौकी सुटली तर जायचं कुठं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ते नाईकाला कशाला सांगायचं?

त्याच दुपारी घुंगरं वाजली. त्या वाटेवरचा सगळ्यात नावाजलेला गाडीवान आला. इतरांना बंदर गाठायला पाच दिवस लागत, हा तीन दिवसांत पोचायचा. आणि त्याच्या दोरीला चारच्या वर गाठ कधी कुणी पाहिली नव्हती. लोक म्हणत, बैलांच्या पायांत वारा आहे. म्हातारी म्हणे, वारा माझ्या चौकीवर असतो, बैलाच्या पायांत खूर असतात.

"राम राम, मावशी! मारा गाठ, सोडा वाट. गलबत परवा सुटतंय."

म्हातारीनं दोरी हातात घेतली. गाठी दोन. तिची तिसरी. कायद्यानं अडवायला जागाच नव्हती. तरी ती दुसऱ्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ही मागच्या चौकीची?"

"मग काय आभाळातली?"

"तिथला पहारेकरी डावखुरा आहे. त्याच्या गाठीचा वेढा उलटा बसतो. हा सुलटा कसा?"

गाडीवान हसला. "आज त्याचा डावा हात दुखत होता, मावशी. उजव्यानं बांधली."

नाईकही हसला. "आता हातांचाही संशय का? मार गाठ."

म्हातारीनं गाठ मारली नाही. आत जाऊन पेंडीची पाटी आणली आणि बैलांच्या तोंडापुढं धरली. दोनच चौक्या चाललेला बैल पेंडीच्या वासानं मान पुढं काढतो. या बैलांनी नाकही हलवलं नाही. डाव्या अंगाचा तर जुवातच गुडघे टेकून बसला.

"उन्हानं तापलेत," गाडीवान म्हणाला.

"आभाळ भरलंय, बाबा. ऊन कुठलं?"

"पुरे!" नाईक खवळला. "गाठी दोन आहेत. एवढ्या नावाजलेल्या माणसाला अडवतेस? मार गाठ, नाहीतर आत्ताच बिऱ्हाड बांध."

म्हातारीनं दोघांकडं पाहिलं. आणि एकदम मऊ झाली. मऊ झालेल्या संशयी बाईपासून फार सांभाळून राहावं, पण गाडीवानाला ते कुठं ठाऊक?

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "टेक जरा चाकाला, पाणी घे. आणि एवढं कसं जमतं रे तुला, ते तरी सांग. आम्हाला तर बाई दिवस मावळला की झोप आवरत नाही."

गाडीवान आधी नको म्हणाला. पण कौतुक ऐकायचा मोह कुणाला सुटतो? तो चाकाला टेकला.

"मला, मावशी, झोप म्हणून लागतच नाही. माझे वडीलसुद्धा... असेच... रात्र-रात्र..."

मान छातीवर गेली. नाईकानं हाक मारली, खांदा हलवला, शेवटी कानाशी घुंगरं वाजवली. गाडीवान मात्र चाकावरून घसरत घसरत आडवाच झाला. सदरा वर सरकला, आणि त्याच्या कमरेला करगोट्यासारखी गुंडाळलेली दुसरी दोरी दिसली.

तिच्यावर सात गाठी होत्या; नावाजलेला गाडीवान म्हणून मागच्या चौक्यांनी न मोजताच मारलेल्या. सातवीचा वेढा उलटा होता.

नाईकानं घाटाच्या कडेशी जाऊन खाली पाहिलं. पुढचं पहिलंच वळण दरीवर होतं.

गाडीवान जागा झाला तो दुसऱ्या दिवशी, ऊन अंगावर आल्यावर. बैल पेंड खात होते. म्हातारी त्याच्या कमरेच्या दोरीच्या गाठी सोडत बसली होती.

"का रे असं केलंस?" नाईकानं विचारलं.

"व्यापारी म्हणतो गलबत थांबत नाही. राजा म्हणतो बैल थांबव. मी करू काय?"

"गलबत थांबत नाही, खरंय," म्हातारी म्हणाली. "दरी मात्र थांबते. कितीही उशिरा जा, ती जागेवरच असते. अरे, इथं रोज एक गाडीवान झोप काढून ताजा उठतो. गूळ त्याच्या गाडीत भरायचा आणि तू झोपायचं. हे तुझ्या व्यापाऱ्याला सुचलं नाही, राजाला नाही, तुला तर नाहीच."

गूळ तसाच ताज्या बैलांवर पुढं गेला आणि गलबत सापडलं. तेव्हापासून त्या वाटेवर माल थांबेना आणि बैल मरेनात. म्हातारीची चौकी तिच्याकडंच राहिली. गाडीवानाचा कासरा मात्र कायद्यानं वर्षभर काढून घेतला, आणि त्याला घाटमाथ्यावरच गाठी मारायला बसवलं. लोक सांगतात, त्याच्यापुढं म्हातारी भोळी वाटायची. गाडी आली की तो दोरी नंतर बघायचा, आधी गाडीवानाची कंबर.

बोध एवढाच: दोरीवरची गाठ लपवता येते, अंगातला शीण लपवता येत नाही.