दुसरा गिअर

"स्ट्रोक वाढवून देणार की नाही, तेवढं सांगा उस्ताद."

धैर्यशीलनं गाडीचं बॉनेट धाडकन उघडलं. बाबालाल उस्तादांच्या कोल्हापूरच्या गॅरेजात तो तीन वर्षं हात काळे करून शिकला होता. आता स्वतःची गाडी आली होती आणि स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

उस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले. "कशाला वाढवायचा?"

"पिस्टनची धाव लांबली की इंजिन कमी वेगातही जोरात ओढतं. परवा गगनबावड्याच्या घाटात आमच्यातला सर्ज्या मला मागं टाकून गेला. येत्या रविवारी पुन्हा शर्यत आहे." ती हार त्याच्या फार जिव्हारी लागली होती.

"चढाला कितवा गिअर होता?"

"तिसरा."

"दुसरा टाकायचा की."

"दुसरा? आमच्यात घाटात दुसरा टाकला की सगळे हसतात. गाडीत दम नाही म्हणतात."

"अन् सर्ज्यानं कितवा टाकला?"

धैर्यशीलनं बॉनेटात डोकं घातलं.

"दुसराच ना? हसली का पोरं त्याला?"

"हसली. पण तो वर पोचून चहा पीत होता, त्याला काय!" धैर्यशील चिडला. "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. पुण्यात दुसरा मिस्त्री बघतो. पुन्हा ह्या दारात यायचा नाही."

उस्तादांना वाईट वाटलं.

"जा बाबा," ते म्हणाले. "जायच्या आधी तेवढं इंजिन टेबलावर ठेवून जा."

उतरवलेलं एक इंजिन जमिनीवर पडलं होतं. वर चेनपुली टांगलेली होती आणि तिची साखळी मध्ये येत होती. धैर्यशीलनं ती खांद्यानं बाजूला सारली, पाय रोवले, दात-ओठ खाल्ले. इंजिन एका बाजूनं बोटभर वर आलं आणि परत आदळलं. त्याला दरदरून घाम फुटला.

उस्तादांचं वय बहात्तर. त्यांनी बशी ठेवली, हूक अडकवला आणि एका हातानं साखळी ओढू लागले. हातभर साखळी खाली आली की इंजिन नखभर वर जाई. घाई कसलीच नव्हती.

इंजिन टेबलावर बसलं.

"हॅ! त्यात काय एवढं?" धैर्यशील धापा टाकत म्हणाला. "साखळीनं कुणीपण उचलंल!"

उस्तादांनी हात पुसले.

"हाच की दुसरा गिअर. मग तुला लाज कुणाची वाटली?"