चौथा खांदा

भाविकहो, चिद्गिरी महाराज बेलकुंडला चातुर्मासासाठी राहिले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. गावाबाहेरच्या बुरूडवाड्यातला धोंडी बांबू तोडायला गेला आणि त्याला नाग डसला. तिरडीसुद्धा बांधून झाली. त्याची बायको सगुणा महाराजांच्या पायांवर पडली. महाराजांनी धोंडीच्या तोंडात तीर्थ घातलं आणि काय सांगू, तो उठून बसला! पुढे चातुर्मास संपला. गाव सोडताना महाराज सगुणेच्या दारात थांबून म्हणाले, "येतो गं, पोरी."

पंधरवडाही झाला नाही तोच गावात पटकी आली. सगुणेने दिवसभर महाराजांचा धावा केला, पण पहाटे धोंडी गेलाच. द्यायचं आणि लगेच काढून घ्यायचं, हा कुठला न्याय? इथे माझंही मन कचरतं.

तिरडी उचलायला दोन दीर आणि एक भाऊ, तिघेच. पटकीच्या भीतीने चौथा कोणी पुढे येईना. सगुणा म्हणाली, "जरा थांबा. महाराज येतो म्हणालेत."

गावचे कुलकर्णी अंताजीपंत लांब पारावर उभे होते. ते हसले. "अगं वेडे, निघताना 'जातो' म्हणू नये, म्हणून सगळेच 'येतो' म्हणतात! त्याला काय वचन म्हणायचं? साप उतरवला तुझ्या महाराजांनी, मग पटकी का नाही उतरली?"

सगुणेने मान खाली घातली. तेव्हा तिचाही विश्वास डळमळला होता, हे पुढे तिनेच सांगितलं.

इतक्यात नदीकडून महाराज आले. पाय धुळीने भरलेले, चेहरा ओढलेला. तिरडीला खांदा देत ते म्हणाले, "पोरी, मागच्या वेळी याला देवाकडून मागून आणला होता. या वेळीही मागितला, पण नाही मिळाला. म्हणून पोचवायला आलो."

अग्नी दिल्यावर महाराज कोणालाच दिसले नाहीत. महाराज पुढे गेले होते त्या देवठाणहून दुपारी एक गोसावी आला. आधी सगुणेला, मग पारावर त्याने निरोप सांगितला: महाराजांनी काल सकाळीच समाधी घेतली.

"अरे, आज मी या डोळ्यांनी पाहिलं त्यांना!" पंत ओरडले आणि तसेच अनवाणी बुरूडवाड्याकडे धावले. जन्मात त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. सगुणेच्या उंबऱ्यावर त्यांनी डोकं टेकलं.

"उठा पंत, शिवू नका," ती म्हणाली. "घरात दोघांचं सुतक आहे."

पंतांनी डोकं उचललं नाही.