पमीच्या वड्या आणि इंदीचा भोंडला

नदीच्या वळणावर एक इवलंसं गाव होतं आणि गावाच्या टोकाला, इवल्याशा खोपटात, आईबरोबर इंदी राहायची. आश्विन लागला की गावातल्या मुली भोंडला खेळत. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, मग डबा वाजवून विचारायचं, "ओळखा, खिरापत काय?" रोज नवं अंगण! इंदीचं अंगण मात्र कधीच नाही. डब्यात घालायला घरात काही असेल तर ना!

आज भोंडला पमीकडे होता. पमीचा परकर मोरपंखी, पमीचा डबा चांदीसारखा लखलखता. इंदीच्या पोटात नुसतं जळत होतं. तरी ती शहाण्यासारखी पमीच्या परसात फुलं वेचायला गेली. हादग्याच्या पांढऱ्याशुभ्र फुलात एक चिमुकली परी अडकली होती. इंदीने अलगद पाकळी उघडली.

सोनेरी पंख झटकत परी म्हणाली, "माग काय हवं ते. पण दिवेलागणीपर्यंत तुझ्यामुळे कुणी रडता कामा नये. गप्प बसून रडवलंस, तरी तेही तुझंच हं!"

"उद्याचा भोंडला माझ्या अंगणात!" इंदी एका दमात म्हणाली.

ती घरात आली, तर पमी डबा भरत होती. "मी एकटीने केल्यात खोबऱ्याच्या वड्या! कुणालाच दाखवल्या नाहीत." खिरापत आधी चाखायची नाही, असा सगळ्यांचा नेम. पण वास लपतो थोडाच? खोबरं खवट होतं!

बरी जिरेल, इंदीच्या मनात आलं. सगळ्यांसमोर सांगावं का? की गप्पच बसावं? मुली थू थू करतील. पण मग पमी रडेल. आणि सांगितलं तरी रडेलच की!

मुली अंगणात जमल्या. इंदीने पमीला हळूच कोपऱ्यात नेलं. "पमे, वड्या किती सुबक पाडल्यास गं! मला अशा जमायच्या नाहीत. खोबऱ्याने मात्र दगा दिलाय. तू वास घेऊन बघ."

पमीने वास घेतला. टपकन एक टपोरा थेंब तिच्या गालावर ओघळला.

गेली माझी इच्छा! इंदी मनातल्या मनात हळहळली. पण पमीचा चेहरा बघून तिने पदराआड, म्हणजे आपल्या फाटक्या ओढणीआड, पमीचे डोळे पुसले. "रडू नकोस. परसात पेरू आहेत ना? चल, तिखटमीठ लावू!"

लाडू, करंजी, शंकरपाळी... मुली ओळखून ओळखून दमल्या. "हरलो बाई!" डबा उघडला आणि केवढ्या टाळ्या! सगळ्या पमीला. इंदीच्या पोटात पुन्हा जळलं, अगदी चांगलंच जळलं. तिने पेरूची फोड करकचून चावली.

तेवढ्यात पमी ओरडली, "युक्ती इंदीची! उद्याचा भोंडला हिच्याकडे. पेरू आपण सगळ्या नेऊ!"

परसातून डोकावणाऱ्या हादग्यावर परी खुदकन हसली. "थेंब पडला, म्हणून मी काही दिलं नाही बरं का! हे तुझं तू मिळवलंस." आणि गुलाबी, केशरी, सोनेरी उजेडात ती विरून गेली.

दुसऱ्या दिवशी इंदीच्या अंगणात हत्ती डौलात बसला. इंदीने डबा खुळखुळ वाजवला. आत पेरू नव्हते हं! पमीच्या हातांना मात्र ताज्या खोबऱ्याचा वास येत होता. मग काय होतं? ओळखा बघू.