पुन्ना म्हातारीचे गाऱ्हाणे

पूर्वी मरुभूमीच्या कडेला वालुकनगर होते. तिथे सेनक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मले होते. मडकी घडवायची आणि भाजायची बोधिसत्त्वांनी, ओट्यावर बसून विकायची धाकट्या भावाने, नंदियाने, अशी त्यांच्यात वाटणी होती.

त्या पेठेत एक रीत होती. गिऱ्हाईक मडके हातात घेई, बोटांनी वाजवून पाही आणि आवाज खणखणीत आला की घेऊन जाई. एकदा वाजवून नेलेले मडके परत घ्यायचे नाही. नंदियाला ही रीत फार आवडे, कारण तिच्यामुळे कोणाचे काही ऐकून घ्यावे लागत नसे.

एके सकाळी पुन्ना नावाची म्हातारी दुकानाकडे आली. तेल्याचे तेल तिला पातळ वाटे, विणकराचे कापड आखूड वाटे. मागे ती याच दुकानात झाकण डुगडुगते म्हणून भांडून गेली होती, आणि खरे सांगायचे तर ते डुगडुगत होतेच. तिला लांबून पाहूनच नंदियाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घडा फुटला तुमचा!" ती ओरडली. "हात लावला नाही, धक्का लागला नाही, जागच्या जागी फुटला."

"वाजवून नेलात ना, आजी?" नंदिय म्हणाला. "मग झालं तर. निघा आता."

आत चाकावर बसलेल्या बोधिसत्त्वांनी हे ऐकले. ते मातीच्या हातांनीच बाहेर आले, म्हातारीला ओट्यावर बसवले, गार पाणी दिले आणि म्हणाले, "आजी, काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

म्हातारी सांगू लागली. त्यात शेजारीण आली, जावई आला, गुडघे आले. बोधिसत्त्वांनी मध्ये तोंड घातले नाही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज खाली आला.

"आमचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, बाबा. मी दळणकांडणाला जाते तेव्हा घडा भरून त्याच्या उशाशी ठेवते. काल परत आले तर भुई ओली आणि म्हाताऱ्याचे ओठ कोरडे. दिवसभर पाणी पाणी करत होता. ऐकायला होतं कोण?"

बोधिसत्त्वांना फार वाईट वाटले. आपण घडवलेल्या घड्याशेजारी एक माणूस दिवसभर तहानलेला पडला होता, हे त्यांना सोसेना. "चूक माझी आहे," ते म्हणाले. स्वयंपाकघरातला वापरातला घडा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "हा भरवशाचा आहे, हा न्या. फुटलेल्याचं खापर आहे का तुमच्याजवळ?"

खापर तिने पदरात बांधून आणलेच होते. असल्या कामात ती कच्ची नव्हती. बोधिसत्त्वांनी ते उन्हात धरून पाहिले. मातीत ज्वारीच्या दाण्याएवढा चुनखडीचा पांढरा खडा होता. असा खडा भाजून निघाल्यावर गप्प बसतो, मग ओल पिऊन फुगतो आणि काही दिवसांनी मडके आतून फोडतो. या खेपेची माती तळ्याच्या दुसऱ्या काठाची होती, आणि ती आपण नीट चाळली नाही हे बोधिसत्त्वांना आठवले.

"नंदिया, या खेपेची बाकीची मडकी कोणी नेली?"

"सार्थवाह जोतिकाने. त्याचा तांडा आज मरुभूमीत निघतोय. पाण्यासाठी नेली, सगळी वाजवून..." बोलता बोलताच नंदियाला धोका उमगला. मग तो घाईने म्हणाला, "दादा, जाऊ नकोस. आपली मडकी वाईट आहेत असं आपणच सांगत सुटलो तर उद्या दारात कोण येईल? आणि वाळवंटात ती फुटली, तर आपल्यामुळे फुटली हे कळणार कोणाला?"

"म्हाताऱ्याचे ओठ कोरडे होते, नंदिया," बोधिसत्त्व एवढेच म्हणाले.

माती वाहायची दोन्ही गाढवे देऊन त्यांनी कातड्याच्या पखाली घेतल्या आणि शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली. पुन्ना न विचारताच गाडीत चढून बसली. "तुला धड भांडता येत नाही. मी येते," ती म्हणाली. "आणि तू रे नंदिया, नुसता उभा काय राहतोस? हा घडा ने आणि माझ्या म्हाताऱ्याच्या उशाशी बस."

नगराबाहेरच्या शेवटच्या विहिरीपाशी त्यांनी तांडा गाठला. बैल जुंपले होते. मडकी वाटेत फुटतील हे बोधिसत्त्वांकडून ऐकताच जोतिकाने आपल्या गाडीतली दोन-तीन मडकी वाजवून पाहिली आणि तो हसला. "खणखणीत आहेत की! गाऱ्हाणं कोणी केलं होतं तुझ्याकडे?"

"स्वामी, तुमचं गाऱ्हाणं मीच घेऊन आलो आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "ते घेऊन तुम्हाला परत येता आलं नसतं."

तरीही जोतिक मुहूर्त टळेल म्हणून अडून राहिला. तेव्हा पुन्ना गाडीतून उतरली. तिने ते खापर त्याच्या नाकापुढे धरले आणि मुहूर्तापासून जोतिकाच्या सुटलेल्या पोटापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी जोतिक हात जोडून म्हणाला, "मडक्यांबरोबर त्या पखालीही भरा रे! पण हिला कोणीतरी आवरा."

तांडा गेला. बोधिसत्त्व डोक्यावरून माती वाहू लागले. आता ते ती दोनदा चाळीत. पेठेत लोक हसत, गिऱ्हाईक तुटले होते, पण नंदिय एका शब्दाने बोलला नाही. म्हाताऱ्याला घोटघोट पाणी पाजून आल्यापासून तो बदलला होता. ओट्यावर येईल त्याच्यासाठी पाट आणि तांब्याभर पाणी तो स्वतःच ठेवू लागला.

पुढे एके दिवशी जोतिक दारात येऊन उभा राहिला.

"मडकी फुटली?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"सगळी."

"आणि माणसं?"

"सगळी परत आली," जोतिक म्हणाला आणि ओट्यावर बसून रडू लागला. नंदियाने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

विहाराच्या कोठारावर नेमलेल्या एका भिक्षूने गाऱ्हाणे घेऊन आलेल्या एका वृद्ध उपासिकेला दारातूनच परतवून लावले होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. "भिक्षूंनो, त्या वेळचा नंदिय म्हणजे हा कोठारावरचा भिक्षू. पुन्ना म्हणजे दारातून परत गेलेली ती उपासिका. जोतिक म्हणजे या विहाराला धान्य देणारा गृहस्थ, आणि तो कुंभार मीच होतो." कोठारावरचा भिक्षू तेवढ्यातच उठला आणि म्हातारीला शोधायला निघाला. ही कथा क्षांतीची, म्हणजे समोरच्याचे शेवटपर्यंत धीराने ऐकून घेण्याची.