डोंगराच्या जुळ्यांची सुईण

एका राज्यात कूळ विचारल्याशिवाय कुणी कुणाला पाणी देत नसे. पाहुणा तहानेने कोसळला, तरी आधी आजोळ विचारीत, मग तांब्या पुढे करीत.

अशा राज्याच्या राजाने, अरिंजयाने, शिशासाठी डोंगर फोडला. पण डोंगराला कूळ विचारले नाही. डोंगर माणसांत मोडत नाही, असे त्याला वाटले.

त्याच दिवशी युवराज शशिध्वजाची पावले शिशाची झाली. डोंगर म्हणाला, "माझ्या धनाचा बाप कोण, आई कोण, सुईण कोण? शिसे युवराजाच्या गळ्याशी पोचण्याआधी सांग."

दरबारी पंडित विचाराला बसले. सुरुवात म्हणून त्यांनी एकमेकांची कुळे विचारली.

राजाच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "महाराज, यांचे आटोपेपर्यंत युवराज उरणार नाहीत. चला."

राजा भुयारातून पाताळात उतरला. तिथे जुनाट खडक पहुडला होता.

"बाप मीच," खडक म्हणाला. "माझ्या अंगात धातू होते, पण कणाकणाने विखुरलेले. खारे पाणी आले आणि एकेक कण विरघळवून घेऊन गेले. मला कळायलाच काही कोटी वर्षे लागली."

राजा पुढे गेला. जमिनीच्या भेगेतून खारे पाणी उकळत वर चढत होते.

"आई मी," पाणी म्हणाले. "ऊब होती तोवर सारे पोटात वागवले. वर समुद्रतळाशी गार पडले, तेव्हा कळा सुरू झाल्या."

"मग सुईण कोण?"

"जिच्याजवळ नाक धरल्याशिवाय कुणी जात नाही, ती."

आटलेल्या समुद्राच्या तळाशी काळा चिखल होता. त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. राजाने नाकावरचा शेला काढला आणि वाकून नमस्कार केला.

चिखल गहिवरला. "माझ्या या वासातल्या गंधकानेच धातू धरून ठेवले, राजा. माझ्या मांडीवर जुळी जन्मली. एक काळे, चकाकणारे; दुसरे मधाच्या रंगाचे."

राजा परतला. शिसे युवराजाच्या छातीपर्यंत चढले होते. राजाने तिन्ही नावे सांगितली.

डोंगर म्हणाला, "लेकरे किती?"

राजाला राज्यातल्या जुन्या भट्ट्या आठवल्या. काळ्या दगडाचे शिसे होई. मधाळ दगडाचा पांढरा धूर होऊन उडून जाई. त्या दगडाला सारे कचरा म्हणत.

"दोन," राजा खालच्या मानेने म्हणाला. "धाकट्याला मी धूर समजलो."

"बाबा," युवराज कण्हला, "त्याला कोंडून तर पाहा."

राजाने मातीच्या बंद मुशी घडवल्या, त्यांत भाजलेला मधाळ दगड आणि कोळसा भरून त्या भट्टीत ठेवल्या आणि त्यांची तोंडे खाली, गार भांड्यांत सोडली. धूर उडाला नाही. थेंब थेंब गळून जस्त झाला.

शिसे उतरले आणि युवराज उठून उभा राहिला. करंगळीचे नख मात्र शिशाचेच राहिले.

पुढे तो राजा झाला. त्या राज्यात आजही डोंगराची तीन नावे घेतल्यावरच पहिली कुदळ पडते. तहानलेल्याला मात्र आधी पाणी देतात. आणि घाईच्या हुकमावर शिक्का उमटवायला तो राजा हात उचली, तेव्हा ते नख इतके जड होई, की हात पुन्हा मांडीवर येई.