मागच्या रांगेतलं फिस्कॉर्न

"मग सांगा ना मास्तर, नऊ वर्षांत एकानं तरी मान वळवून माझ्याकडं बघितलंय?"

बाल्दिरी मास्तर फडक्यानं वाद्याच्या कळा पुसत होते.

गेराउच्या तोंडाला मात्र आज खळ नव्हता. कातालोनियातल्या त्या डोंगराळ गावात दर रविवारी दुपारी चर्चपुढच्या चौकात सरदाना नाच व्हायचा. गावकरी हातात हात घालून रिंगण धरायचे आणि अकरा वादक त्यांना नाचवायचे. पुढची रांग खुर्च्यांवर बसलेली. तिथं ती लाकडी तेनोरा, सनईची थोरली बहीणच म्हणा ना! सगळी वाहवा तिची. मागची रांग कायमची उभी. तिच्यात दोन फिस्कॉर्न, रुंद तोंडाची, जाड्याभरड्या आवाजाची पितळी वाद्यं. एक मास्तरांचं, दुसरं त्यांच्या या चेल्याचं.

"शहरातल्या वाद्यवृंदात जाऊन आलो. तिथले संचालक म्हणाले, हे काय उचलून आणलंस? याला आमच्याकडं जागाच नाही. कुठंच नाही मास्तर! माझी नऊ वर्षं तुम्ही मातीत घातलीत. आजचा शेवटचा रविवार. उद्या हे भांडं तुमच्या दारात ठेवतो आणि सुटतो."

भांडं म्हणाला तो. मास्तरांचा हात जरासा थांबला, मग पुन्हा पुसू लागला.

"बरं... मग एक कर. आता उभा राहशील तेव्हा फुंकू नकोस. नुसतं ओठाला लाव, बोटं हलव. बघ कुणाला कळतंय का."

गेराउ मनात हसला. कळणार नाही म्हणजे काय! वरवर कितीही कुरकुरला, तरी त्याची पक्की खात्री होती, की आपण थांबलो तर सगळं रिंगण अडखळणार. तेवढी खात्री नसती तर इतका जळफळाट तरी कशाला झाला असता?

छोट्या बासरीनं सुरुवात करून दिली. रिंगणातले हात वर गेले, तेनोरा गाऊ लागली. गेराउ गाल फुगवून, बोटं नाचवत मुकाट उभा राहिला.

एकाचंही पाऊल चुकलं नाही. बेकरीवाली बाई आपल्या नवऱ्याशी हसतखिदळत नाचत होती. कुणी वळून बघितलं नाही. गेराउचं तोंड कडू झालं.

आणि मग त्याच्या कानाला काहीतरी खटकलं. पितळेचा तो जाड सूर मुळी नव्हताच. आपला नव्हता, ते ठीक. पण मास्तरांचा?

त्यानं तिरक्या नजरेनं बघितलं. मास्तरांची बोटं कळांवर बिनचूक पडत होती. गाल मात्र खोल गेलेले. वाद्यातून हूं नाही की चूं नाही.

नाच संपला. टाळ्या पडल्या, त्याही तेनोराला.

"मास्तर... तुम्ही पण मुद्दाम?"

"छातीत दमच उरला नाही रे. डॉक्टरांनी फुंकायचं बंद केलंय."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."



"म्हणजे दोन वर्षं मी एकटाच... आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाहीत!"

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. रागावले असते तरी परवडलं असतं.

"कोपराला कोपर लावून उभा होतो, गेराउ... तुला तरी कुठं ऐकू आलं?"